सतरा किलोंचा ओव्हन

“कोनता नेता येतो गं?” हौसानं मला विचारलं आणि दुकानातली सगळी माणसं हसली.

ती ओव्हनवर चिकटवलेली पाटी वाचत होती. दुकानदारानं निळ्या शाईनं ठसठशीत लिहिलं होतं : ‘पोर्टेबल! कुठेही सहज नेता येतो.’ हौसा प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचायची. पहिला शब्द तिला लागला नाही, तो तिनं सोडून दिला. ‘कुठेही सहज’ लागलं. मग आलं ‘नेता येतो’. आमच्या वाडीत नेता पाच वर्षांतून एकदा येतो, तोही सहज येत नाही. म्हणून तिनं विचारलं. यात हसण्यासारखं काय होतं? पण तंबू बघायला आलेलं एक जोडपं हसलं, श्रीरंगसर हसले, आणि त्यांच्याबरोबरच्या मृण्मयी मॅडम तर तोंडावर हात धरून दुसरीकडं वळल्या.

“आजी, नेता नाही हो,” दुकानदार म्हणाला. “न्यायला येतो, न्यायला! उचलून न्यायचा!”

आजी! हौसा तेव्हा बत्तीस वर्षांची होती. माझी कानशिलं तापली. ती कशी तापली आणि पुढं कोणाला त्याचा चटका बसला, हे सांगायला मला बारा वर्षं लागली.

आम्ही दोघी मावसबहिणी, जांभळेवाडी या एकाच गावात दिलेल्या. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. वाडीच्या डोक्यावर, दोन तासांच्या चढावर एक मोठं सपाट पठार आहे. श्रीरंगसर पुण्याचे. हिवाळ्यात ते त्या पठारावर कॅम्प लावायचे. शनिवारी शहरातली माणसं येणार, तंबूत राहणार, रविवारी परत जाणार. त्यांचा स्वयंपाक आमच्या बचत गटाच्या सहा बायका करायच्या, आणि पिठापासून पाण्यापर्यंत सगळं वर न्यायचोही आम्हीच. या चार महिन्यांच्या कामापायी आम्हाला नारायणगावला टोमॅटो तोडायला जावं लागत नव्हतं. पोरं शाळेत टिकली होती. आमच्या दृष्टीनं पिझ्झा काय, पिठलं काय, खरी गोष्ट ही एवढीच होती.

दिवाळीच्या आधी सरांचा फोन आला होता. “तुळसाताई, पाहुण्यांना आता केक हवाय, पिझ्झा हवाय. एक पोर्टेबल ओव्हन घेऊ या. चालवणार तुम्ही, तर निवडायचाही तुम्हीच.” फोन स्पीकरवर होता, सगळ्या बायकांनी ऐकलं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. मग मी फोन कानाला लावला, तेव्हा सर पुढं म्हणाले, “नाहीच झेपलं तर मात्र पुण्याहून शेफ आणावा लागेल. त्याची माणसंही त्याच्याबरोबर येतील.” हे शेवटचं मी कोणाला सांगितलं नाही.

‘तुम्हीच निवडायचा’ हे मी अगदी खरं धरून चालले. तेलाचा पंधरा किलोंचा रिकामा डबा आडवा कापला, आत जाळी बसवली, तो चुलीवर ठेवला आणि पंधरा दिवस शाळेतल्या गुरुजींच्या बायकोला विचारून विचारून नानकटाई भाजली. दोनदा कोळसा झाला, तिसऱ्यांदा आत कच्ची राहिली, चौथ्यांदा वाडीतली पोरं दारात रांग लावून उभी राहिली. तोच डबा मी पठारावर नेऊन बघितला. तिथं वारा इतका की ज्योत भांड्याला लागतच नाही. चुलीच्या तिन्ही बाजूंना दगड लावले, तेव्हा कुठं डबा तापला. म्हणजे दुकानात जाताना मी काही कोरी पाटी नव्हते. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं.

पुण्याच्या त्या दुकानात दोन ओव्हन होते. एक पत्र्याचा, घडीचा. उघडला की चौकोनी डबा, मिटला की पोळपाटाएवढा, वजन चार किलो. तो शेगडीवर ठेवायचा. दुसरा काचेच्या दाराचा, वर दोन बर्नर, समोर तापमानाचा काटा, चकचकीत, सतरा किलोंचा, आणि आडवा एवढा की कवेत घ्यायला माझे दोन्ही हात कसेबसे पुरावेत. त्याला सिलिंडर वेगळा.

“हा घ्या, सर,” मी घडीच्या ओव्हनवर हात ठेवून म्हटलं. “आपल्या शेगडीवर बसतो. वारा लागला तर दगड लावता येतील. आणि पाठीला बांधला तरी कळायचा नाही.”

“अहो ताई, पण हा तर डबाच झाला,” सर म्हणाले.

“फोटोत फार गरीब दिसेल तो,” मृण्मयी मॅडम म्हणाल्या. कॅम्पचे फोटो आणि जाहिरात त्या बघायच्या. “काचेतून पिझ्झा फुगताना दिसला पाहिजे. लोक त्यासाठी येतात.”

मी दुकानदाराला विचारलं, “या काचेवाल्याची ज्योत वाऱ्यात टिकते का?”

“वारा?” दुकानदार म्हणाला. “ओव्हनच्या आत कुठला वारा, बाई?”

खालून हवा घ्यायला त्याला बोटभर फट होती. वारा त्याच फटीतून शिरणार, हे मला दिसत होतं. ते त्याला दाखवायला मी वाकले, आणि नेमकं तेव्हाच हौसानं तो नेत्याचा प्रश्न विचारला. हशा पिकला. त्यानंतर माझं बोलणं कोणी ऐकेना. सर तर हसून हसून डोळे पुसत होते.

“बरं, उचलून न्यायचा म्हणता,” मी दुकानदाराला म्हटलं, “पण कोणी?”

“म्हणजे?”

“पाटीवर लिहिलंय, नेता येतो. कोणाला नेता येतो, ते नाही लिहिलं.”

दुकानदारानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. “आता हा काही बायांचा खेळ नाही,” तो म्हणाला. “एखादा दणकट गडी बघा.”

“हेच मी म्हणत होतो,” सर लगेच म्हणाले. “तुळसाताई, ओझ्याचं टेन्शन तुम्ही घेऊच नका. शेफ येईल, त्याची दोन मुलं येतील, ती नेतील.”

बघा, कसं होतं ते. नाही म्हणावं तर काम गेलं, हो म्हणावं तर मानेवर सतरा किलो. पण खरं सांगायचं तर मी एवढा विचार केलाच नाही. मला फक्त ‘बायांचा खेळ नाही’ ऐकू आलं, आणि ‘आजी’ ऐकू आलं, आणि ते हसणं. आम्ही हिवाळाभर ज्यांना भाकऱ्या घालतो, ज्यांचे पाण्याचे हंडे डोक्यावरून वर नेतो, तीच माणसं आम्हाला बायांचा खेळ शिकवणार? मी पिशवीतून चुंबळ काढली. डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची ती कापडाची गुंडाळी बाईच्या पिशवीत असतेच.

“हौसा, हात लाव.”

“तुळसे, असू दे ना,” ती हळूच म्हणाली.

“हात लाव म्हटलं ना!”

तिनं एका बाजूनं उचलला, मी दुसऱ्या बाजूनं, आणि काचेचा ओव्हन माझ्या डोक्यावर बसला. दोन्ही हात सोडले. त्या गुळगुळीत फरशीवरून मी तंबूंच्या मधून गेले, झोपायच्या पिशव्यांना वळसा घालून परत आले, मधेच उकिडवी बसले आणि तशीच उठले. मग त्या जोडप्यानं टाळ्या वाजवल्या, त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी. मृण्मयी मॅडम मोबाइलवर शूटिंग करत होत्या.

“जमेल ना?” सरांनी विचारलं.

“न जमायला काय झालं?” मी म्हटलं.

“बास! पॅक करा,” सर दुकानदाराला म्हणाले. “ताईंनी निवडला.”

दुकानदाराचा पडलेला चेहरा बघून मला इतका आनंद झाला की आपण कोणता ओव्हन घ्यायला आलो होतो, तेच मी विसरून गेले.

परतीच्या एसटीत हौसा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. नारायणगाव मागं पडलं तेव्हा म्हणाली, “तुळसे, तो रुंद हाय.”

“मग?”

“पायऱ्यांवर कातळाला घासंल. दुकानात कातळ कुठं व्हता?”

पठाराच्या वाटेवर मधेच कातळात कोरलेल्या सत्तावीस पायऱ्या आहेत. उजव्या हाताला कातळाची भिंत, डाव्या हाताला दरी, आणि पायरी एका पावलापुरती. हंडा डोक्यावर असला तर तो डोक्यापुरताच असतो. हा बाहेर येणार, भिंतीला लागणार, आणि बाईला दरीकडं ढकलणार. तिनं म्हटल्याबरोबर मला ते लख्ख दिसलं. मी दुकानात वजन तोललं होतं, रुंदी बघितलीच नव्हती. चूक पदरात पडली की माणूस गप्प बसतं. मी गप्प बसले नाही.

“तू आता मला शिकव,” मी म्हटलं. “दुकानात तोंड मिटून उभी राहिली असतीस तर ही पाळी आली नसती. तुझ्यामुळं हसले ते.”

हौसाला वाचायला मीच शिकवलं होतं. समाजमंदिराच्या ओट्यावर, पोरांच्या पाटीवर, दोन हिवाळे. ती त्यानंतर वाडी येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही.

हंगामाचा पहिला शनिवार आला. सिलिंडर आम्ही आदल्या दिवशीच वर पोचवला होता. ओव्हन मीच नेणार होते. पायऱ्यांवर कसा न्यायचा याचा विचार करकरून मी ठरवलं होतं की तिथं तो खाली उतरवायचा आणि दोघींनी पुढून मागून धरून सरकवायचा. पण ओव्हन ज्यात येणार होता ती सरांची जीप आली नाही. दहा वाजले, अकरा वाजले. वर चुली पेटायला हव्या होत्या, म्हणून चौघींना घेऊन मी पुढं गेले आणि हौसाला खाली ठेवलं. तिला म्हटलं, “जीप आली की हलकं सामान तेवढं घेऊन ये. ओव्हन राहू दे, मी दुपारी खाली येते.”

दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते तेव्हा पठाराच्या कडेवर पाहुण्यांच्या टोप्या दिसल्या. मग सर, मग मॅडम. सगळ्यांच्या हातांत पाण्याच्या बाटल्या. त्यांच्या मागून बऱ्याच वेळानं हौसा वर आली. ओव्हन तिच्या डोक्यावर होता. उजव्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलून निघाली होती, पदराला रक्ताचे डाग होते, आणि मान एका बाजूला कलली होती ती सरळ होत नव्हती.

मी आणि आणखी एकीनं धावत जाऊन ओव्हन उतरवला. हौसा मटकन खाली बसली. मृण्मयी मॅडम लगबगीनं आल्या आणि ओव्हनपाशी वाकल्या.

“काचेला काही झालं नाही ना?” त्या म्हणाल्या.

“नाही, नाही. नशीब!” सर म्हणाले.

काचेला! माझ्या बहिणीच्या हाताचं सालपट निघालं होतं आणि ही माणसं काचेवरून बोट फिरवत होती. मला नीट आठवतं, माझे हात पिठानं भरलेले होते.

“सर, ती बाई बघा आधी,” मी ओरडले. “काच काय बघता? लाज वाटत नाही तुम्हाला?”

पाहुणे वळून बघायला लागले. सर माझ्या जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “ताई, हळू. मी जबरदस्ती केलेली नाही. त्यांनी स्वतःहून उचलला.”

“स्वतःहून? मी तिला नको म्हणून सांगितलं होतं.”

“मी फक्त विचारलं. त्या म्हणाल्या, जमणार नाही. मग मी त्यांना तुमचा व्हिडिओ दाखवला.” त्यांनी मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. मी त्यात तंबूंच्या मधून चालत होते, हात सोडून, मान ताठ, टाळ्या वाजत होत्या. “म्हटलं, तुळसाताईंना जमतं तर तुम्हाला का नाही? तुम्हीच निवडलात ना हा? मी तर शेफ आणत होतो.”

त्यातला शब्दनशब्द खरा होता, म्हणून मला जास्तच राग आला. सरांचा आला, मॅडमचा आला, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा आला, आणि माझा स्वतःचा आला तो सगळ्यांत वाईट, कारण तो काढायला जागा नव्हती. मी पिठाची परात ढकलून दिली.

“उठा गं सगळ्या,” मी बायकांना म्हटलं. “उचला आपली भांडी. आपण खाली चाललो. यांचं यांना शिजवून खाऊ दे. आणा तुमचा शेफ!”

चौघी उठल्या. एकीनं पातेलं उचलून काखेत मारलंसुद्धा. सरांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता कळलं यांना. हौसा तेवढी बसून राहिली.

“हौसा, ऊठ.”

“मी न्हाई येत.”

“येत नाही म्हणजे? तुझ्यासाठीच चाललंय हे!”

तिला मान वळवता येत नव्हती, म्हणून ती बसल्या जागी सगळं अंगच माझ्याकडं वळवून बोलली. “तुळसे, तू दुकानात जमंल म्हनलीस. तुजा सबुद खाली पडू नये म्हनून मी ह्यो वर आनला. आता तुजा राग मी खाली न्यायची न्हाई. माज्या पोरीचं धावीचं वरीस हाय. मला नारायनगावला जायाचं न्हाई.”

जिनं पातेलं काखेत मारलं होतं तिनं ते हळूच चुलीवर ठेवलं. बाकीच्याही बसल्या. मी एकटी उभी राहिले, पिठाच्या हातांनी, सगळ्या पाहुण्यांसमोर.

मग हौसा सरांकडं वळली. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. “सर, आज तुमाला काय भाजायचं ते आमी भाजून देतो. पर उद्या ह्यो खाली न्यायचा तुमी. सोता. ज्याला नेता येतो त्यानं एकदा न्यावा. खाली पोचल्यावर सांगा, पुढच्या शनवारी कोन पायजे.”

सर हो म्हणाले. एवढ्या पाहुण्यांसमोर दुसरं काय म्हणणार होते?

त्या दिवशी ओव्हनची ज्योत पठारावरच्या वाऱ्यानं सहा वेळा विझली. पिझ्झा वरून पांढरा आणि खालून काळा निघाला. मॅडमनी त्याचा फोटो काढला नाही. पाहुण्यांनी भाकरी आणि कोंबडीचा रस्सा खाल्ला आणि वाटी पुढं केली.

संध्याकाळी मी मिठाची पुरचुंडी गरम करून हौसाच्या मानेला शेक द्यायला बसले. “एसटीत मी तुला बोलले,” मी म्हटलं.

“बोललीस.”

“चुकलं माझं.”

“व्हय, चुकलंच,” ती म्हणाली. “जरा डावीकडं शेक.”

रविवारी सरांनी ओव्हन उचलला. डोक्यावर घ्यायची सवय नाही, म्हणून पोटाशी कवटाळला. पहिल्या उतारालाच त्यांचं जाकीट निघालं. पायऱ्यांपाशी त्यांनी भिंत बघितली, दरी बघितली, ओव्हनची रुंदी बघितली, आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. शेवटी दोन पाहुण्यांना हाताशी घेऊन, दोर बांधून, बसत बसत त्यांनी तो एकेक पायरी खाली सोडला. मागून हौसा मानेला मफलर गुंडाळून रिकाम्या हातांनी उतरत होती आणि प्रत्येक पायरीला मायेनं सांगत होती, “सर, डाव्या अंगाला दरी हाय बरं का.” दोन तासांच्या वाटेला पाच तास लागले. खाली पोचल्यावर सर शाळेच्या पायरीवर बसले आणि अर्धा तास उठले नाहीत. शेफचं नाव त्यानंतर त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

मंगळवारी त्यांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता. “हा ओव्हन दुकानदाराला परत करतोय,” ते म्हणाले. “दुसरा घेऊ. निवडायला कोण येतंय?”

सहापैकी चार बायका एका दमात म्हणाल्या, “हौसा.” माझ्याकडं कोणी बघितलंसुद्धा नाही. मला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीसाठी ती फाट्यावर उभी होती. मान अजून पूर्ण वळत नव्हती. मी धावत तिच्यापाशी गेले.

“मी येऊ का सोबत?” मी विचारलं. “दुकानदार परत काही बोलला म्हणजे?”

“नगं,” हौसा म्हणाली. “तू ओव्हनच्या आदी तापतीस.”